आंब्याचं सासव: आजीचं गोड, माझं कडू

कैरी_ते_कोय | १२ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही.

रविवारी मंडईच्या मागच्या अंगाला एक बाई टोपलीत रायवळ (गावठी) आंबे घेऊन बसल्या होत्या. समोर हापूसच्या पेट्यांच्या भिंती, त्यामुळे या चिकाने काळ्या झालेल्या, डागाळलेल्या बिटक्यांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मी दोन डझन घेतले. भाव केला नाही. केला असता तर आजी स्वप्नात येऊन बोलली असती.

माझं आजोळ सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या अंगाला. घरामागे रायवळाची पाच झाडं होती आणि पाचांना नावं होती. साखरो, गोरटो, बावीवरचो (बाव म्हणजे विहीर), एक नुसताच 'म्हातारो' आणि पाचवा शेपवो. शेपवो नाव पडलं ते वासामुळे. पिकला तरी त्याला शेपूच्या भाजीसारखा उग्र दर्प यायचा, शिवाय आंबट आणि दोरखंडासारखे रेषे. चोखून खायला आम्ही पोरं साखऱ्याखाली पडीक असायचो, शेपव्याला कोणी हात लावायचं नाही. आजी त्याच शेपव्याचं सासव करायची.

आणि ते सासव! बाहेर उन्हाने कौलं तापलेली, जेवायला ओटीवर पंगत, उकड्या तांदळाचा भात आणि पातेल्यातून एकेक आख्खा आंबा वाढला जायचा. आधी भाताबरोबर रस ओरपायचा, मग बाठा हातात घेऊन पांढरा पडेपर्यंत चोखायचा. गोड, आंबट, तिखट, आणि मग एकदम नाकात जाणारा मोहरीचा झणका. आम्ही त्याला 'नाकाचं सासव' म्हणायचो.

तर माझ्या आठवणीतली कृती अशी.

रायवळ आंबे १२, चांगले मऊ पिकलेले. देठ काढून तासभर पाण्यात ठेवायचे, म्हणजे चीक जातो. साल हाताने ओढून काढायची, सालींना राहिलेला गर अर्धी वाटी पाण्यात कोळून घ्यायचा आणि साली टाकायच्या. आंबे बाठ्यासकट आख्खेच पातेल्यात. अर्धा ते पाऊण वाटी गूळ (आंबा किती आंबट आहे त्यावर), मीठ. अर्ध्या नारळाचं खवलेलं खोबरं, ३ सुक्या मिरच्या आणि १ चहाचा चमचा मोहरी हे एकत्र वाटून आंब्यांवर ओतायचं. ढवळायचं. झालं. चूल नाही, फोडणी नाही.

एवढं सोपं. तरी माझं कडू झालं! कडसर वगैरे नाही, चक्क कडू, घशाशी रेंगाळणारं. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि 'छान आहे, औषधी आहे' म्हणाला. लेकाने आंबा धुऊन खाल्ला. धुऊन!

खोबरं खवट नव्हतं, वाटण्याआधी खाऊन बघितलं होतं. आंबे गोड होते. मोहरी ताजी. आई इथेच असते, पण तिला विचारलं तर 'मी कुठे कधी केलं, तुझी आजी मला सासवाला हात लावू द्यायची नाही' एवढंच. आजीला जाऊन १९ वर्षं झाली.

उरलेले बारा आंबे फार तर चार दिवस थांबतील. कुणाला काही सुचतंय का?

---

पाटावरवंटा | १२ मे, रात्री १०:४१

मिक्सर?

---

कैरी_ते_कोय | १२ मे, रात्री १०:४४

हो, मिक्सरच. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर पाटा घेऊन बसले तर खालचे वर येतील. :)

---

खापरावरचे_मांडे | १२ मे, रात्री ११:०२

आधी एक शंका. बाठा म्हणजे कोयच ना? आमच्याकडे जळगावला कोय म्हणतात. आणि आंब्यात मोहरी?? आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस सुरू होतो, सोबत पुरणपोळी, आणि आंब्याचा प्रश्न तिथेच मिटतो. त्यात मिरची घालायची वेळ कुणावर आली नाही. आंब्याने तुमचं काय बिघडवलंय?

(हलके घ्या. वाचून तोंडाला पाणी सुटलंय हे खरं.)

---

शेंडीचा_नारळ | १२ मे, रात्री ११:२०

मांडेबुवा, तुमच्याकडे रसाचा आंबा आहे म्हणून तुम्हाला परवडतं. कोकणात घरटी पाच-दहा रायवळाची झाडं, आणि मे महिन्यात सगळी एकदम पिकणार. चोखून चोखून किती खाणार? साठं (आंबापोळी) घाला, मोरंबा करा, तरी पडवीत आंब्यांचा सडा. मग आंबा जेवणात आणायचा. कोयाडं, रायतं, सासव ही सगळी त्याच गरजेची पोरं. हापूस विकायला, रायवळ खायला, हा कोकणातला जुना हिशोब आहे.

आमच्याकडे (रत्नागिरी, चित्पावनी घर) कोयाडं. सासवाचा मावसभाऊ म्हणा. पण आमच्यात मोहरी वाटत नाहीत. थोड्या तेलावर १ चमचा उडीद डाळ, पाव चमचा मेथी, सुक्या मिरच्या तांबूस परतायच्या, खोबऱ्याबरोबर वाटायच्या. आंबे गूळ घालून शिजवायचे, मग वाटण, एक उकळी, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. मेथी असूनही कडू होत नाही, कारण पाव चमच्याच्या वर एक दाणा जात नाही. तुम्ही कोयाडंच करा, सासवाचा नाद सोडा. शिजवलेलं बरं, दुसऱ्या दिवशीही टिकतं.

---

मांडवीकाठी | १३ मे, सकाळी ७:१०

शेंडीचा_नारळ, 'सासवाचा नाद सोडा' म्हणजे काय हो? सकाळी सकाळी भांडण काढताय. :)

सासव या शब्दाचा अर्थच मोहरी. कोंकणीत आम्ही मोहरीला सांसव म्हणतो, संस्कृत सर्षप. कानडीत सासिवे. तेव्हा मोहरी नसलेलं सासव म्हणजे पोह्यांशिवाय कांदेपोहे. आणि तुमच्या रायत्यातही राईच आहे बरं का. दह्यात काकडी कालवून वर जिऱ्याची पूड टाकतात त्याला रायतं म्हणायला लागल्यापासून राई बिचारी बेपत्ता झाली.

गोव्यात याला घोटांचं सांसव म्हणतात. घोट म्हणजे ते छोटे रानटी आंबे, लिंबापेक्षा थोडे मोठे. मानकुराद म्हणजे आमचा मानाचा आंबा, त्याचं कोणी करत नाही, केलं तर घरातली म्हातारी माणसं वेड्यात काढतील. घोट नसले की अननसाचं करतात. लग्नाच्या जेवणात अननसाचंच असतं, कारण दोनशे माणसांना बाठे चोखायला लावणं बरं दिसत नाही.

आमची आई आंबे गुळाबरोबर दोन-चार मिनिटं गरम करते, पण वाटण घातलं की गॅस बंद. मोहरी घातल्यावर उकळी म्हणजे उकळी नाही.

कडूपणाचं कारण मिक्सरच असणार. पण का, ते मला सांगता येत नाही. आई म्हणते मोहरी 'रागावते'.

---

निरागस_वांगं | १३ मे, सकाळी ९:३५

मोहरी रागावते! वाचनखूण साठवली आहे. बाकी आमच्याकडे शिकरण, त्यात वेलदोडा घालायचा की नाही यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. सासव आलं असतं तर कोर्टात गेले असते.

---

उकळबिंदू | १३ मे, दुपारी १:०५

शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, सुट्टी चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खालचा शेवटचा परिच्छेद वाचा.

अख्खी मोहरी दाताखाली धरलीत तर आधी काहीच लागत नाही. चावली, लाळ लागली, की मग झणका येतो. कारण तो झणका मोहरीत तयार नसतोच. काळ्या मोहरीत सिनिग्रिन नावाचं एक द्रव्य असतं, चवीला कडू. आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. दाण्यात दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते, विकर सिनिग्रिन फोडतं आणि त्यातून जे तेल सुटतं ते आपल्या नाकात जातं. ते हवेत उडणारं आहे, म्हणून मिरचीसारखं जिभेवर न बसता सरळ नाकात चढतं.

आता बघा. विकराला उष्णता सोसत नाही. म्हणून फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. तेलाच्या तापाने विकर आधीच मेलेलं असतं. मांडवीकाठी यांच्या आईंचा 'उकळी नाही' हा नियम शंभर टक्के बरोबर.

मिक्सरमध्ये दोन गोष्टी होतात. पातं फिरून फिरून भांडं गरम होतं. खोबरं बारीक व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, भांड्याला हात लावून बघा. आणि तेवढा वेळ मोहरी त्यात भरडली जाते, सालासकट तिचं पीठ होतं. झणका उडून जातो, कडू मागे राहतं. सासवातला झणकाच गेला आणि कडू तेवढं राहिलं, असंच झालं ना तुमचं?

बंगाली घरात माशासाठी मोहरी वाटतात, ते वाटतानाच मीठ आणि हिरवी मिरची घालतात, कडू होऊ नये म्हणून. माझ्या एका सहकारी बाई कोलकात्याच्या आहेत. त्या तर मोहरी आधी भिजवतात, मग वाटतात.

तेव्हा: खोबरं आणि मिरची आधी वाटून घ्या, गार होऊ द्या. मोहरी वेगळी, खलबत्त्यात, गार पाणी आणि चिमूटभर मिठाबरोबर. सगळ्यात शेवटी मिसळा. आंब्याच्या आंबटपणाने झणका टिकायला मदत होते, त्यामुळे लगेच रसात ढकला.

---

कैरी_ते_कोय | १३ मे, दुपारी ३:२०

उकळबिंदू सर, अगदी तस्संच! झणका नव्हताच, हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी कडू-कडू करत बसले.

तुमचं वाचताना एकदम एक गोष्ट डोळ्यासमोर आली. आजी मोहरी *वाटायची* नाही. *फेसायची*. खोबरं वाटून पाटा रिकामा झाला की तो धुवायची, ओल्या पाट्यावर मोहरी, दोन थेंब पाणी, चिमूट मीठ, आणि वरवंटा पुढे-मागे नाही तर गोल, हलक्या हाताने. काळे दाणे हळूहळू फुटायचे, आतलं पिवळं बाहेर यायचं, मग खरंच फेस धरायचा, मळकट पिवळा. ती तोंड बाजूला वळवायची, डोळ्यांतून पाणी. मी वाकून बघायला गेले की म्हणायची, 'नाकात गेली? मग झाली.' वेळ, प्रमाण काही नाही. नाक हेच माप.

आणि वाटण घालताना: 'मोहरी शेवटाक घालूची, नायतर सगळा कडू जाताला.' हे मी तीस वर्षांपूर्वी ऐकलेलं वाक्य आत्ता, तुमचं उत्तर वाचून आठवलं. मग आधी का नाही आठवलं? कमाल आहे.

---

पाटावरवंटा | १३ मे, दुपारी ३:५१

'मिक्सर?' असं मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, एवढी नोंद व्हावी.

'फेसणे' हा शब्दच खास मोहरीचा आहे मराठीत. डाळ फेसतात म्हणा, पण तो वेगळा फेस. लोणच्यातही पूर्वी फेसलेली मोहरी असायची, आता मोहरीची डाळ पाकिटात मिळते. घाई असेल तर ती वापरा. साल नसल्याने कडवटपणा कमी, पण आजीचा रंग येणार नाही.

---

जर्सीची_जाई | १३ मे, रात्री ८:१२

इकडून लिहितेय, न्यू जर्सी. रायवळ सोडाच, इथे भारतातला आंबा अधिकृतपणे यायला लागला तोच २००७ मध्ये, आणि पेटीचा भाव ऐकून सासव करायची हिंमत होत नाही. हापूसचं सासव म्हणजे पैठणीचं पायपुसणं. मी मेक्सिकोचे अताऊल्फो वापरते. पिवळे, चपटे, छोटे, बाठा पातळ, रेषा जवळजवळ नाहीतच. गोडीला बरे, पण आंबटपणा बेताचा, म्हणून थोडी चिंच कोळून घालते. सासूबाई (मूळच्या मंगळूरच्या, त्या 'सासम' म्हणतात) फोनवर चिंच ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'द्राक्षं घाल, काळी.' त्यांच्याकडे आंबा-अननस-द्राक्ष असं तिन्हीचं मिळून करतात. केलं. चिंचेपेक्षा बरं झालं, मान्य करते.

रेषांचं मात्र काही करता येत नाही. बाठा चोखायला रेषेच हवेत. गुळगुळीत बाठा चोखण्यात कसली मजा? दातात काही अडकलं नाही तर आंबा खाल्ल्यासारखं वाटत नाही.

---

कलमवाला | १४ मे, सकाळी ६:३०

देवगडजवळ आमची बाग आहे, माझं म्हणणं पाककृतीचं नाही, झाडांचं आहे.

रायवळ म्हणजे कोयीपासून आलेलं झाड. म्हणून प्रत्येक झाडाचा आंबा वेगळा, एका साखऱ्याची कोय लावली तरी दुसरा साखरा होईलच असं नाही. म्हणूनच ताईंच्या आजोळी पाच झाडांना पाच नावं. हापूसला अशी नावं ठेवायची गरज पडत नाही, कारण सगळी कलमं एकाच झाडाच्या फांद्यांची लेकरं. शेपवो गेला की गेला, त्याची दुसरी प्रत जगात कुठे नाही.

आणि गंमत सांगतो. हापूसचं कलम ज्याच्यावर बांधतात ते खालचं रोप रायवळाचंच असतं. पावसाच्या तोंडाशी रायवळाच्या कोयी वाफ्यात घालतात, पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोवळं पान येतं, त्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवतात. त्यालाच कोय कलम म्हणतात. म्हणजे रत्नागिरी-देवगडचा हापूस उभा आहे तो रायवळाच्या पायांवर. मे महिन्यात आमच्याकडे सासव-रायतं झालं की बाठे धुऊन, पाटीत सावलीला ठेवायचे, नर्सरीवाला येऊन घेऊन जायचा. आजी चोखलेले बाठे मोजायची. आम्ही पोरं 'माझे सतरा, तुझे बारा' करायचो आणि त्याचे पैसे आजीच्या बटव्यात जायचे.

वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने रत्ना काढला (नीलम आणि हापूसचा संकर, १९८१), मग रत्नावर पुन्हा हापूस करून सिंधू (१९९२). सिंधूची कोय इतकी पातळ की जवळजवळ बिनकोयीचाच. कापून खायला नंबर एक. पण त्याचं सासव करणार कसं? वाढायचं काय, चोखायचं काय?

ताई, तुमच्या आजोळची झाडं आहेत का अजून?

---

कैरी_ते_कोय | १४ मे, सकाळी १०:०५

साखरो आणि बावीवरचो आहेत. शेपवो रस्ता रुंद झाला तेव्हा गेला. मामाने फोनवर सांगितलं ते असं: 'तो आंबट होतो (म्हणजे होता), बरा झाला.' मामाला काय बोलणार.

---

शेंडीचा_नारळ | १४ मे, सकाळी १०:४०

कलमवाला, मस्त प्रतिसाद. 'पैठणीचं पायपुसणं' पण आवडलं.

मी कोयाड्यावर ठाम आहे, पण एक कबुली देतो. काल हा धागा वाचून आईला विचारलं, तर ती म्हणाली तिच्या माहेरी (राजापूर) आंब्याच्या रायत्यात फेसलेली मोहरी असायची, आणि ते शिजवायचे नाहीत. सासरी आल्यावर कोयाडं शिकली. म्हणजे मी ज्याला 'आमच्याकडे' म्हणतोय ते आजोबांचं. आईचं मला आजवर माहीतच नव्हतं.

---

खापरावरचे_मांडे | १४ मे, सकाळी ११:१५

शेंडीचा_नारळ, म्हणजे आता तुम्हीही सासवात. एकेक गडी जातोय.

बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणे, करून तर बघू. आमच्याकडे गावठी आंबे भरपूर. पण खोबरं-नारळ हा प्रकार आमच्या घरात पूजेपुरता. सुकं खोबरं चालेल का?

---

मांडवीकाठी | १४ मे, सकाळी ११:२२

नाही!! ओलंच. सुक्याचं करायचं असेल तर त्याला वेगळं नाव द्या.

---

कैरी_ते_कोय | १५ मे, रात्री ९:५०

मंडळी, केलं.

उकळबिंदू सरांच्या सांगण्याप्रमाणे खोबरं-मिरची मिक्सरमध्ये थांबून थांबून, गार पाण्याने. मोहरी खलबत्त्यात. लोखंडी खलबत्ता आहे माझा, वेलदोडे कुटायचा, आधी चार वेळा धुतला. एक चमचा मोहरी, चिमूट मीठ, एक चमचा पाणी. पहिली दोन मिनिटं दाणे नुसते पळत होते, इकडून मारलं की तिकडे. मग कुटणं सोडून बत्ता गोल फिरवायला सुरुवात केली आणि हळूहळू धरलं. पाच-सहा मिनिटांनी फेस आला, आणि मी नेमकी वाकून बघत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी! लेक धावत आला, 'आई काय झालं?' मी म्हटलं, 'नाकात गेली. झाली.'

रसात मिसळलं, चाखलं. झणका आला! पण... कडूही होतं. आधीपेक्षा निम्मं, तरी होतंच. मी खट्टू होऊन पातेल्यावर झाकण ठेवलं आणि वरण-भाताचा कुकर लावला.

तेवढ्यात आई आली. तिला सगळं सांगितलं, हा धागाही वाचून दाखवला. आजीचं 'शेवटाक घालूची' ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी, मोहरीशिवाय. मग म्हणाली, 'पण तू चाखलंस कधी?' म्हटलं, आत्ताच, केल्या केल्या. तर म्हणाली, 'अगं, ती सासव सकाळी आंघोळ झाली की पहिल्यांदा करायची. मग झाकून कोनाड्यात. मग भाकऱ्या, आमटी, भाजी, बाकीचा सगळा स्वयंपाक. दुपारी पानं मांडेपर्यंत कोणी झाकण उघडायचं नाही. मी स्वयंपाकात नवीन असताना एकदा उघडून चमचाभर चाखलं होतं, कडू लागलं, तोंड वाकडं केलं. तेव्हापासून मला सासवाला हात लावू दिला नाही तिने.'

म्हणजे आईला हात लावू न देण्याचं कारण हे होतं, आणि ते तिने मला आज सांगितलं.

ठेवलं मग झाकून. रात्रीच जेवलो त्याच्याशी. कडवटपणा बसला होता. अगदी गेला नव्हता, पण गुळाच्या आणि आंबटाच्या मागे जाऊन उभा राहिला होता, आणि नाकाचं काम पुढे. नवऱ्याने तीन आंबे खाल्ले. औषधी म्हणाला नाही.

---

उकळबिंदू | १५ मे, रात्री १०:२०

वा! मुरण्याचं माझ्याकडून राहूनच गेलं. ताजी फेसलेली मोहरी सुरुवातीला कडसर असतेच, थोडा वेळ दिला की बसते. लोणचं घातल्या दिवशी कोणी वाढत नाही, तसंच. मी उत्तर पूर्ण दिलं असं समजून वर्ग सोडला होता.

---

पाटावरवंटा | १५ मे, रात्री १०:३३

अभिनंदन. शेपव्याची चव आली का?

---

कैरी_ते_कोय | १५ मे, रात्री १०:४५

नाही. हे आंबे वेगळे, गोडसर, वासाला सौम्य. आईने थोडा रस वाटीत काढून त्यात शेपूची दोन पानं चुरडून बघितली. मी हसले. मग मीही चाखलं. सांगत नाही कसं लागलं.

कलमवाला, बाठे बारा आहेत, धुऊन सावलीत ठेवलेत. पुण्यात नर्सरीवाला येणार नाही, कुंडीतच घालते.

---

जर्सीची_जाई | १५ मे, रात्री ११:०८

कैरी, फार छान वाटलं वाचून. एक सांगशील? नक्की किती वेळ मुरवायचं? मला शनिवारी पाहुण्यांसाठी करायचंय, आंबे मोजून आठ मिळालेत, प्रयोगाला उरणार नाहीत.

---

कैरी_ते_कोय | १६ मे, सकाळी ७:०२

आमचं तीन तास मुरलं. चौथ्या तासाचं विचारू नकोस. आई निघाल्यावर झाकण उघडलं तर पातेल्यात एक बाठा होता, तोही चोखलेला, आणि लेक झोपेचं सोंग घेऊन पडला होता.